पूजेचं तेल

गाडी बंद करताना मी किल्ली फिरवते आणि कान देऊन थांबते. इंजिन थांबतं. दर वेळी थांबतं. तरी ते थांबेपर्यंत माझा एक पाय ब्रेकवर आणि एक क्लचवर घट्ट असतो, हात गिअरवर असतो. शेजारी बसलेल्याला वाटतं, बाई काहीतरी विसरल्या असाव्यात. तसं असतं तर बरं झालं असतं.

गाडी टर्बो डिझेल आहे, सेकंडहँड. पहिल्या मालकाने तिच्या कंप्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलून घेतलं होतं, त्यामुळे मुळात होती त्यापेक्षा ताकद बरीच जास्त. मी ती घेतली तेव्हा नवऱ्याने विचारलं, "या वयात रेस लावायची आहे का?"

"ट्रेलरच्या बाजूला कमी वेळ राहायचं आहे," मी म्हटलं.

ते खरं होतं. मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभाग सांभाळते. चिंचवडहून रोज जाऊन येऊन. त्या रस्त्यावर पत्र्याच्या गुंडाळ्या नेणारे ट्रेलर असतात. माणसापेक्षा उंच गुंडाळी, आणि तिला धरून ठेवणारी एक साखळी. माझी आधीची छोटी गाडी ओव्हरटेक करताना बरोबर त्या साखळीच्या शेजारी आल्यावर दमायची. ट्रेलर पुढे सरकेना, मी पुढे सरकेना, आणि साखळीची कडी न् कडी मला मोजता येईल इतकी जवळ. तिथे मला शहाणपण सुचलं, की ज्या गाडीला जोर नाही ती सुरक्षित गाडी नाही.

टर्बो म्हणजे एक छोटा पंखा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर तो फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त डिझेल, जास्त जोर. पाय दाबला की आधी काही होत नाही, आणि मग कुणीतरी पाठीला हात लावून ढकलल्यासारखं होतं. पहिल्या महिन्यात त्या ढकलण्याला मी दर वेळी दचकायचे. पण ट्रेलर मागे पडायचा. एका भीतीच्या बदल्यात मी दुसरी घेतली होती, आणि सौदा मला परवडत होता.

डिझेल इंजिनाबद्दलची एक भीती मात्र माझ्या मनात जुनी होती. पंचविशीत मी पिंपरीतल्या एका कारखान्यात इंजिन तपासणीच्या खोलीत ट्रेनी होते. एके दिवशी तिथलं एक इंजिन सुटलं. सुटलं म्हणजे बंद करूनही बंद होईना. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा आणि जळेल असं कुठलंही तेल मिळालं की ते चालतं. किल्लीने फक्त डिझेल बंद होतं. त्या इंजिनाला त्याचं स्वतःचंच वंगणाचं तेल आत मिळायला लागलं होतं, आणि ते पीत ते वेगात चाललं होतं. आम्ही सगळे दाराकडे पळालो. एक ऑपरेटर तेवढा उलटा गेला आणि त्याने हवेच्या तोंडावर प्लायवुडचा तुकडा दाबून धरला. हवा बंद झाली तसं ते गुदमरून थांबलं. तो ऑपरेटर नंतर बराच वेळ जमिनीवर बसून होता. त्या दिवशी मला सांगण्यात आलं, की हातात फळी नसेल आणि इंजिन गाडीत असेल, तर वरचा गिअर टाकायचा, ब्रेक दाबायचा आणि क्लच एकदम सोडायचा. चाकं अडवली की इंजिन अडतं. मी ते ऐकून घेतलं. आयुष्यात उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

सर्व्हिसिंग मी कासारवाडीतल्या एका गॅरेजमध्ये करून घेते. गॅरेजवाला तिथल्याच जुन्या घरातला, मला ताई म्हणतो. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं, "ताई, ही गाडी पळवून आणली की लगेच बंद करायची न्हाई. जरा उभ्या उभ्या दम खाऊ द्यायचा. आतला पंखा तापलेला असतो."

"किती वेळ?"

"तुमचा राग जाईस्तोवर."

टर्बोला तेल लागतं आणि चांगलं लागतं, म्हणून तेलाच्या बाबतीत तो कडक. तेल मोजायची पट्टी बाहेर काढून मला दाखवायचा. दोन खुणांच्या मधे पाहिजे. "कमी चालंल एक वेळ, जास्त न्हाई," असं तो दर वेळी म्हणायचा, आणि दर वेळी मी मान डोलवायचे.

मुलगी इंजिनिअर झाली आणि तिला एका कंपनीत नोकरी लागली. काम असं, की जे छोटे कारखाने सुटे भाग पुरवतात त्यांच्याकडे जाऊन माल तपासायचा. सकाळी भोसरी, दुपारी महाळुंगे, संध्याकाळी तळेगाव. बसने होणारं काम नव्हे. दसऱ्यानंतर लगेच रुजू व्हायचं होतं. ठरलं असं, की मी कंपनीच्या बसने जाणार आणि गाडी ती नेणार. एकटी.

"आई, तू असा चेहरा करतेस जसं काही मला बॉर्डरवर पाठवते आहेस."

"बॉर्डरवर ट्रेलर नसतात," मी म्हटलं.

तिला गाडी चालवता येत होती. पण ही गाडी मोकळ्या रस्त्यावर दाबून चालवायला मी दिली नव्हती. दसऱ्याच्या सकाळी द्यायचं मी कबूल केलं. त्या दिवशी कारखाने बंद, त्यामुळे तळवड्याहून निघोजे-महाळुंगेकडे जाणारा रस्ता वर्षातून एकदा रस्त्यासारखा दिसतो.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या कारखान्यात हा सण मोठा. प्रत्येक जण आपापलं मशीन धुऊन पुसून घेतो, हळदकुंकू, झेंडू, आंब्याची पानं, ऊस. आणि आमच्याकडे आणखी एक रीत आहे, दुसरीकडे मी पाहिलेली नाही. तेलाचा नवा डबा फोडायचा आणि त्यातलं थोडं थोडं तेल प्रत्येक यंत्राला आपल्या हाताने पाजायचं. यंत्र वर्षभर राबतं, त्या दिवशी त्याने कोरडं राहू नये, अशी भावना. लेथला तेल जास्त झालं तर ते खालच्या ट्रेमध्ये सांडतं, चिंधीने पुसलं की झालं. कुणाचं काही बिघडत नाही.

त्या वर्षी मेंटेनन्सच्या मंडळींनी माझी गाडी फोर्कलिफ्टच्या शेजारी मानाने उभी करून घेतली. मी दिवसभर मीटिंगमध्ये होते. संध्याकाळी बाहेर आले तर गाडी चकचकीत, बॉनेटवर स्वस्तिक, समोर हार, चाकांखाली लिंबं. मी सगळ्यांना पेढे दिले, लिंबं चिरडली आणि निघाले. मोशीपर्यंत गाड्या मुंगीच्या पावलाने चालल्या होत्या. आरशात मागे निळसर धूर दिसला. पण सणाच्या संध्याकाळी त्या रस्त्यावर कुणाचा धूर कुणाचा, हे कुणाला सांगता येणार?

दसऱ्याला सकाळी मुलगी स्टिअरिंगवर आणि मी शेजारी. निघोज्याच्या पुढे रस्ता सरळ आणि रिकामा झाला. दोन्ही बाजूंना बंद गेट, गेटला तोरणं.

"दाबू?"

"दाब."

तिने दाबलं. पाठीला तो हात लागला. ती हसली आणि मीही थोडी हसले. मग तिने पाय काढला, आणि गाडीचा वेग कमी झाला नाही.

"आई, मी पाय काढलाय."

"खालचं मॅट अडकलं असेल."

तिने वाकून न बघता पायाने चाचपलं. पेडल वर होतं. इंजिनाचा आवाज चढत होता, कुणीही काही न करता, शिट्टी लागलेल्या कुकरसारखा. मला पिंपरीची ती खोली आठवली. मी तळहात साडीला पुसले.

कुणीही करेल तेच तिने केलं, क्लच दाबला. चाकांचं ओझं सुटल्यावर इंजिन किंचाळायला लागलं. मागच्या काचेत रस्ता दिसेना, नुसता पांढरा धूर. तिने किल्ली फिरवून बंद केली. डॅशबोर्डवरचे दिवे गेले, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा शून्यावर पडला, आणि इंजिन तसंच किंचाळत राहिलं. तो शून्यावरचा काटा मला अजून दिसतो. गाडी म्हणत होती, मी बंद आहे.

"किल्ली काढू नकोस! स्टिअरिंग लॉक होईल!"

तिने गाडी कडेला घेतली आणि थांबवली. समोर एक टँकर उभा होता, पाठीमागे लाल अक्षरांत ज्वलनशील असं लिहिलेला. त्याचा ड्रायव्हर अगरबत्त्या हातात घेऊन बंपरपाशी उभा होता. तो आमच्याकडे बघून ओरडला, "मॅडम, आग! बाहर निकलो!"

उतरून पळणं हा सोपा मार्ग होता. मी दाराच्या कडीला हातही लावला. पण आम्ही पळालो असतो तरी इंजिन तिथेच राहिलं असतं. ते फुटेपर्यंत वेग वाढवत राहणार, गरम तेल उडणार, आणि समोर तो टँकर, आणि तो माणूस उदबत्ती पेटवून उभा. फळी नव्हती. बॉनेट उघडायला वेळ नव्हता. आणि ज्या पायांनी हे थांबवायचं ते पाय माझे नव्हते, तिचे होते.

"पाचवा टाक."

"काय?"

"पाचवा गिअर! ब्रेक दाब, पूर्ण दाब. आणि क्लच एकदम सोड."

"गाडी पुढे जाईल, आई! समोर टँकर आहे!"

"नाही जाणार. सोड!"

मला खात्री नव्हती. मी हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढून धरला होता आणि माझं लक्ष तिच्या डाव्या पायाकडे होतं. तो अजून क्लचवरच होता. मी असं ओरडले, की नंतर दोन दिवस माझा घसा बसला होता.

तिने क्लच सोडला. गाडीने पुढे उसळी घेतली, मागची चाकं घासली, जळक्या क्लचचा वास नाकात गेला. सगळी गाडी तापाने हुडहुडी भरलेल्या माणसासारखी हलली. आणि इंजिन मेलं.

टँकर आणि आमच्यात वीतभर अंतर राहिलं होतं. धूर हळूहळू शेतांकडे गेला. ड्रायव्हर जवळ आला, आम्ही दोघी जिवंत आहोत हे त्याने पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, पूजा करनी थी, आपने तो हवन कर दिया."

मुलगी हसली. खरोखर हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला हसता येईना. हँडब्रेकवरची माझी बोटं सुटत नव्हती. ती तिने एक एक करून सोडवली.

दुसऱ्या दिवशी कासारवाडीत गॅरेजवाल्याने तेलाची पट्टी काढली. वरच्या खुणेच्या कितीतरी वर, मुठीपर्यंत ओली. त्याने ती मला दाखवली आणि मग पुसायला चिंधी सापडत नसल्यासारखा इकडेतिकडे बघत राहिला.

"ताई, तेल कोणी घातलं? तांब्यानं घातलं का?"

इंजिनात तेल इतकं भरलं, की फिरणारा दांडा ते घुसळतो, त्याचा फेस होतो, आणि फेस हवेच्या नळीतून टर्बोमधून पुन्हा इंजिनात. मग डिझेलची गरजच उरत नाही. हे त्याने मला समजावलं. मला समजलेलं होतं. घातलं कोणी, हे विचारायलाही मला फार लांब जावं लागणार नव्हतं.

मेंटेनन्समधले दोघे समोर आले. एक पहिल्या शिफ्टचा, परभणीकडचा, वयाने माझ्यापेक्षा मोठा. दुसरा दुसऱ्या शिफ्टचा, इथल्याच मावळातल्या गावचा. मी फक्त एवढंच विचारलं, की गाडीत पूजेचं तेल घातलं होतं का.

"घातलं ना मॅडम," पहिला अभिमानाने म्हणाला. "नव्या डब्यातलं. माझ्या हातानं."

दुसरा त्याच्याकडे बघायला लागला. "तुमी घातलं व्हतं?"

"मग? मॅडमची गाडी कोरडी ठेवीन व्हय?"

"आवो, मी पन घातलं की! मला वाटलं, तुमी फोर्कलिफ्टच करून गेला."

"मी फुल भरली होती, राव!"

"तेच तर. मी पन फुल भरली."

पहिल्या शिफ्टने पट्टी पाहिली होती, पण गाडी उतारावर उभी होती, त्यामुळे तेल कमी दिसलं. दुसऱ्या शिफ्टने पाहिलीच नाही. पूजेचं तेल मोजून कोण घालतं? आणि मला कुणी सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं? उदबत्ती लावली हेही कुणी सांगायला येत नाही.

काय झालं ते मी त्यांना सांगितलं. टँकरचं सांगितलं. पहिला माणूस खाली बसला. "पोरगी होती गाडीत?" एवढंच त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्यानंतर त्या दोघांवर रागवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही.

गाडी दुरुस्त व्हायला वेळ लागला. टर्बो नवा बसला, नळ्यांतलं तेल धुऊन निघालं, क्लच बदलला. जास्तीच्या ताकदीचं प्रोग्रॅमिंगही मी काढून टाकायला लावलं. तोवर मुलगी भाड्याच्या गाड्यांनी हिंडत होती आणि मी गाडी विकायचं ठरवत होते. मी ते घरी बोलून दाखवलं.

"घेणाऱ्याला सांगणार आहेस, काय झालं ते?" मुलीने विचारलं.

"सांगणार."

"मग घेणार कोण?"

"नाही घेतली तर भंगारात देईन."

"आणि मी उद्या दुसरी डिझेल गाडी घेईन. तिच्यात काय रॉकेल असतं?" ती जेवताजेवता म्हणाली. "आई, झालं ते झालं. मला जमलं ना? तू ओरडलीस आणि मी केलं."

तिने ते माझी समजूत घालायला म्हटलं होतं. मी मात्र हातातला घास ताटात ठेवला. मी ओरडले म्हणून तिने केलं. त्या रस्त्यावर ती एकटी असती तर ओरडायला कोण होतं? तिने क्लच दाबला असता, किल्ली काढली असती, कुलूप लागलेलं स्टिअरिंग धरून धुरात बसली असती. त्या रात्रीपासून मला झोपेत टँकर दिसत नसे. रिकामी शेजारची सीट दिसायची.

गाडी परत आल्यावर एका गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, मी सिक्युरिटीला सांगून कारखान्याचं मागचं आवार उघडून घेतलं. मोकळं काँक्रीट, टोकाला कंपाउंडची भिंत. मुलीला म्हटलं, चालव, आणि चालवताना पाचवा, ब्रेक, क्लच सोड. इंजिन मेलं पाहिजे.

सुरुवातीला मी शेजारी बसले. मी "आता" म्हटलं की ती करायची, झटकन, बिनचूक. मी गप्प बसले की ती माझ्याकडे बघायची.

"माझ्याकडे काय बघतेस?"

"तू सांगशील म्हणून."

मी खाली उतरले. "काचा वर कर. मी भिंतीपाशी उभी राहणार. तुला जेव्हा वाटेल तेव्हा कर. मी हात दाखवणार नाही, ओरडणार नाही."

"आणि गाडी खरंच सुटली तर?"

"तेव्हाही मी तिथेच उभी असणार आहे."

ती गेली. गाडी आवाराला वळसा घालून आली, गेली, पुन्हा आली. मी हात पाठीमागे एकमेकांत धरून ठेवले होते, चुकून वर जाऊ नयेत म्हणून. काचेआड तिचं तोंड दिसत होतं, ओठ आवळलेले. मग एका वळणानंतर गाडीने गचका खाल्ला, नाक खाली घातलं आणि गप्प झाली. मी काही म्हटलं नव्हतं. तिने सुरू केली, आणखी एक फेरी, आणि पुन्हा मारली. क्लचचं वाटोळं होत होतं. मी तिला थांबवलं नाही.

सुटलेलं इंजिन असं सोपं मरत नाही, हे आम्हा दोघींना माहीत आहे. आवाराच्या काँक्रीटवर भीतीची तालीम होत नाही, फक्त पायांची होते. तेवढ्यावर मी किल्ली दिली.

पुढच्या खंडेनवमीला मुलीला सुट्टी होती, म्हणून गाडी मी नेली. सकाळीच तेलाच्या झाकणावर मशीन दुरुस्तीत असताना लावतात तो लाल टॅग तारेने बांधला. परभणीकडचा मेंटेनन्सवाला हातात नवा डबा घेऊन उभा होता. टॅगकडे बघत म्हणाला, "मॅडम, मग ही कोरडीच राहायची का? सणाचं?"

त्याचा चेहरा इतका उतरला होता की मला काहीतरी शोधावं लागलं.

"दारांच्या बिजागऱ्यांना घाला," मी म्हटलं. "पोटभर घाला."

त्याने घातलं. दुपारी दुसऱ्या शिफ्टवाल्यानेही घातलं, विचारून. दारांवरून तेलाचे ओघळ आले ते मी घरी येऊन पुसले. तेव्हापासून दारं कुरकुरत नाहीत.

याचा एक तोटा झाला. आधी मुलगी घरी आली की खालून दाराचा आवाज यायचा आणि मला कळायचं. आता तो येत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी शिरलेली ऐकू येते, मग ती उभी राहते, आणि इंजिन तसंच चालू असतं. गॅरेजवाल्याने सांगितल्याप्रमाणे ती टर्बोला दम खाऊ देते. ते बरोबरच आहे. मी ओट्याशी असते. हातातलं काम थांबतं. इंजिन चालूच असतं. आवाज चढतोय की काय असं वाटतं, मी खिडकीशी जाते, चढत नसतो. ती आत बसून फोन बघत असते.

मग ते बंद होतं. मी आणखी थोडं थांबते, आणि चहाचं आधण ठेवते.